पोटाचं विरजण

"उघड रे राजा, तोंड उघड. हां, असं. शहाणा माझा."

पुडीवाल्या मावशींनी चमच्याची कड बाळाच्या खालच्या ओठाला टेकवली. ओठ सुटले तसे दुधाचे चार थेंब आत सोडले. बाळाने कडू औषध दिल्यासारखं तोंड केलं, पण गिळलं. मावशींनी चमचा वाटीत ठेवला आणि सवयीने दुपट्यात हात घालून दोन्ही पाय चाचपले. पाय गरम होते.

बाळाची आई टेबलापाशी उभी राहून शर्टाच्या बाह्या सरळ करत होती. बाळंतपणाला तीन दिवस झाले होते. आख्खी गल्ली तिला इस्त्रीवालीच म्हणायची.

"बस की जरा," मावशी म्हणाल्या.

"बसले तर हा ढीग कोण उपसणार, तुम्ही?"

"उपसते की. एकेका शर्टाला भोक पाडून देते."

इस्त्रीवाली हसली आणि टेबलाची कड धरून थांबली. "हसवू नका हो, टाके ओढतात. आणि मावशी, उद्यापासून तुम्हाला सुट्टी. मी आईकडे चाललेय. महिनाभर इस्त्रीचं तोंड बघणार नाही."

"अगं, याच्या दोनच पुड्या झाल्यात. अजून पाच आहेत."

"मग द्या बांधून."

"बांधून द्यायला काय ती शेव आहे? बर्फाच्या पेटीतून काढली की तासाभरात पोटात जायला पाहिजे. आत जिवंत जंतू असतात."

"माहितीय, पोटाचं विरजण. तुम्ही चार वेळा सांगितलंत."

"दहाव्या दिवसाच्या आत आलीस तर राहिलेल्या घालता येतील. त्यानंतर नाही."

"एवढ्या लवकर आले तर समजा वहिनीने हाकललं," इस्त्रीवाली म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला.

मावशींनी पेटी खांद्याला लावली. पुडीवाल्या मावशी हे नाव त्यांना या कामाच्या पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. नवख्या माणसाला वाटायचं की त्या तंबाखू विकतात. एका म्हाताऱ्याने तर गल्लीच्या तोंडाशी थांबवून दोन पुड्या मागितल्या होत्या आणि त्या तान्ह्या बाळांच्या आहेत हे कळल्यावर कपाळाला हात लावला होता.

त्याआधी तीस वर्षं मावशी एका दुधाच्या दुकानात होत्या. पहाटे दूध तापवायचं, बोटाला सोसेल इतकं निववायचं, विरजण लावायचं, भांडी पोत्यांनी झाकायची. विरजण मेलेलं आहे की जिवंत, हे त्यांना वासावरून कळायचं. पिशवीबंद दही आलं आणि दुकान बंद झालं. तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई नवजात बाळांच्या मोजणीसाठी गल्लीतली ओळखीची बाई शोधत होत्या, पण तिला तक्ता भरता यायला हवा होता. मावशींना अक्षर येत नव्हतं. सुनेने स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता, चार महिन्यांत त्यांना लिहायला शिकवलं. 'क' काढताना मावशींच्या जिभेचं टोक बाहेर यायचं आणि सून म्हणायची, "आई, जीभ आत घ्या, अक्षर पळून जात नाही."

मोजणीचं काम सोपं होतं. प्रत्येक बाळाच्या नंबराचा एक डबा, डब्यात सात पुड्या. रोज एक पुडी आईच्या दुधात कालवून पाजायची. मग साठ दिवस जाऊन बघायचं, बाळ ओढून पितं का, श्वास कसा आहे, पाय गार पडलेत का. जे बघितलं ते तक्त्याच्या रकान्यात लिहायचं.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर बाळाचं पोट काढलं होतं. जन्मतः आतडं कोरं असतं, त्या म्हणाल्या. तिथे वाईट जंतूंनी आधी घर केलं, तर ते आतड्यातून रक्तात उतरतात आणि दोन दिवसांत बाळ हातचं जातं. चांगले जंतू आधी जाऊन बसले तर वाईटांना जागा मिळत नाही, असं वाटतं. खरंच तसं होतं का, किती बाळं वाचतात, हे बघायचं म्हणून अर्ध्या डब्यांत चांगले जंतू आहेत आणि अर्ध्या डब्यांत नुसती पूड. कुठल्या डब्यात काय, हे कोणालाच माहीत नाही.

"तुम्हालासुद्धा?" मावशींनी विचारलं होतं.

"मलासुद्धा. मला कळलं तर मी पक्षपात करीन."

मावशींचं लक्ष मात्र फळ्यावरच्या पोटाकडे होतं. त्यांचा पहिला मुलगा अकराव्या दिवशी गेला होता. आदल्या दिवसापर्यंत ओढून पीत होता. मग पिईना, रडेना, पाय गार पडले. कोणी म्हणालं थंडी लागली. सासू म्हणाली, आईचं दूध बाधलं. ते वाक्य मावशींनी चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "दूध नव्हतं गं बाधलं." सुनेला काही कळलं नाही, पण तिने मान हलवली.

काम सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी एका दुपारी बर्फाच्या पेटीचं झाकण नीट लागलं नव्हतं. पुड्या कोमट झाल्या होत्या. आतले जंतू मेले असतील या धसक्याने मावशींना सांगायचं सुचेना, आणि खात्री करायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. रिकाम्या पुड्यांच्या घडीत चिमूटभर पूड चिकटून राहते. ती त्यांनी घरी नेली, दूध तापवून निववलं, पाच वाट्यांत ओतलं, प्रत्येकीत एका पुडीची पूड झटकली आणि वाटीखाली नंबराचा कागद ठेवला. सकाळी तीन वाट्यांत दही लागलं होतं. दोन वाट्यांत दूध तसंच पातळ होतं.

झाकणामुळे दोन मेल्या, असं त्यांना वाटलं. पण झाकण नीट असतानाही, दुसऱ्या दिवशी त्याच दोन नंबरांचं दूध पातळच राहिलं. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जी गोष्ट डॉक्टरीणबाईंनाही माहीत नव्हती, ती आपल्या स्वयंपाकघरातल्या वाट्यांना माहीत झाली होती.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय बदलणार होतं? डबे ठरलेले होते. वाट्या लावायची मात्र सवय पडली, पत्ते पिसणाऱ्याला पडते तशी. ज्या बाळाचं दूध पातळ राहायचं त्याच्या घरी त्या जरा जास्त वेळ बसायच्या. त्याचे पाय दोनदा बघायच्या. अडतीस बाळं झाली. तीन आजारी पडली, तिघंही वेळेवर दवाखान्यात गेली आणि परत आली. ती तिन्ही पातळ दुधाची होती.

मग त्यांची नात जन्मली.

मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. सून एकटीच दवाखान्यात गेली आणि एवढंसं, चिमणीच्या वजनाचं बाळ घेऊन परत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरचं बाळ आहे, दुसऱ्या कोणाला पाठवू का?" मावशी म्हणाल्या होत्या, "घरच्या घरी दुसरीला कशाला चालवता? मीच घालीन."

बुधवारी पहिली पुडी दिली, दुपारी वाटी लावली. गुरुवारी सकाळी वाटी कलती केली तर दूध काठावरून घरंगळलं. गुरुवारची वाटी शुक्रवारी बघितली. तेच.

सून खाटेवर बसून बाळाला घेत होती. "आई, आपल्या पुडीत काय असेल हो? जंतू की नुसती पूड?"

"ते कोणाला माहीत नसतं."

"मला वाटतं जंतूच असतील. बघा ना, कशी टकमक बघते."

मावशी पेटीकडे गेल्या. वरच्या कप्प्यात नातीचा डबा होता. त्याच्या शेजारी इस्त्रीवालीच्या मुलाचा, पाच पुड्या राहिलेला. त्याची वाटी सोमवारची लागली होती आणि मंगळवारचीही. घट्ट, सुरी घातली तर कापावी अशी. तो डबा परत जाणार होता, जाळून टाकला जाणार होता. मावशींना बाळाचे पाय आठवले. नातीचे नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे. त्यांनी इस्त्रीवालीच्या डब्यातली पुडी काढली, वाटीत सुनेचं दूध घेतलं आणि कालवली. नातीने चारही थेंब गिळले.

संध्याकाळी तक्ता काढला. 'दिलेल्या पुडीचा नंबर' या रकान्यापाशी पेन थांबलं. मावशी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलल्या होत्या. ताजं आहे म्हणून कालचं दही विकलं होतं, सासूला देवळात जाते सांगून बहिणीकडे गेल्या होत्या. पण खोटं लिहिलं कधी नव्हतं. लिहायला येऊनच तीन वर्षं झाली होती आणि आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं बघितलेलं होतं. नातीचा नंबर लिहवेना. खरा नंबर लिहायची छाती होईना. त्यांनी रकाना कोरा ठेवला. शनिवारी पुन्हा तसंच झालं, रविवारीही.

सोमवारी सकाळी त्या गल्लीत शिरल्या तर इस्त्रीवालीच्या दारातून वाफ येत होती.

"आलीस?"

"वहिनीने हाकललं," इस्त्रीवाली म्हणाली. "म्हणजे तोंडाने नाही. रोज सकाळी भांडी आपटायची. मी म्हटलं, भांडीच ऐकायची तर आपल्या घरची ऐकू. आज नववा दिवस आहे ना? मी बोटावर मोजत होते. राहिलेल्या घाला आता."

मावशींनी बाळ मांडीवर घेतलं. पेटी उघडली. डब्यात दोन पुड्या होत्या. एक काढून कालवली आणि पाजली. बाळ आता तोंड वाकडं करत नव्हतं.

"मग राहिलेल्या एका वेळी घालता की रोज एक?" इस्त्रीवालीने विचारलं.

"संध्याकाळी येते," मावशी म्हणाल्या. "तेव्हा सांगते."

घरी येऊन त्यांनी तक्ता जमिनीवर पसरला आणि तिन्ही रकाने भरले. तिन्हींत इस्त्रीवालीच्या मुलाचा नंबर. आकडे मोठे आले, रकान्याबाहेर गेले. सून खाटेवरून बघत होती. मावशींनी तिला पहिल्या वाटीपासून सगळं सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" सून म्हणाली.

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

सुनेने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बराच वेळ पाठ थोपटत राहिली. "घाला म्हटलं असतं," ती शेवटी म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं. दोघींनी कशाला?"

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कपाटापासून खिडकीपर्यंत तक्त्यांचे गठ्ठे होते. त्यांनी चष्मा वर करून ऐकलं. मधे एकदाच बोलल्या.

"दुधात घालून बघितलंत?"

"हो."

"मावशी, पुड्या दिसायला सारख्या केल्या. वासाला सारख्या, चवीला सारख्या. वर्षभर खपलो आम्ही त्यासाठी. कोणी दुधात घालून बघेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"तुमच्यापैकी कोणाला दही लावता येत नसेल," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. त्यांनी तक्ता पुढे ओढला. "रिकाम्या जागी नातीचा नंबर टाकला असतात, तर मला कळलंच नसतं."

"ते येईना लिहायला."

"हं." त्यांनी तक्ता बाजूला सरकवला. "आता ऐका. फक्त या दोन बाळांचं नाही. तुमची अडतीसही बाजूला काढावी लागतील."

"त्यांच्यात मी काही इकडचं तिकडे केलेलं नाही. देवाशपथ."

"पुड्या नाही केल्यात. पण पातळ दुधाच्या घरी तुम्ही जास्त वेळ बसलात ना? पाय दोनदा बघितलेत. ती तिघं वेळेवर आली, ती कदाचित त्यामुळे वाचली. चांगलंच झालं. पण आता पुडीने काय केलं आणि तुमच्या हाताने काय केलं, हे मला वेगळं काढता येणार नाही. कळतंय का, मावशी?"

मावशींना कळलं. विरजण एका भांड्याचं दुसऱ्यात सांडलं की मग कुठलं दही कुणाचं, हे कोणी सांगू शकत नाही.

"आणि माझी नात?"

"चांगली आहे ना?"

"चांगली आहे."

"पुडीमुळे आहे की तशीच असती, ते आता कधीच कळायचं नाही." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. "दोघांच्या आयांना सगळं सांगायला हवं. बाळांना तपासूनही घेऊ. आणि पेटी इथेच ठेवा. उद्यापासून दुसरी बाई येईल."

"इस्त्रीवालीला मी सांगते," मावशी म्हणाल्या. "माझ्या तोंडून ऐकू दे तिला."

पट्टा खांद्यावरून काढताना जाणवलं, की त्या जागी कातडीला घट्टा पडला आहे.

संध्याकाळी इस्त्रीवाली चादरी करत होती. मावशी दारातच उभ्या राहिल्या. आत बसून सांगायची गोष्ट नव्हती.

"तुझ्या मुलाच्या तीन पुड्या मी माझ्या नातीला घातल्या. तू यायची नाहीस असं वाटलं. त्याला आता एकच राहिली आहे. उद्या दुसरी बाई येऊन घालेल."

इस्त्री चादरीवर थांबली. जळका वास आल्यावर इस्त्रीवालीने ती उचलून उभी केली. चादरीवर पिवळा त्रिकोण उठला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नातीची पुडी खराब होती?"

"खराब नव्हती. कोरी होती."

"आणि याची भरलेली."

"हो."

"तुमच्या जागी मी असते तर मीपण घातल्या असत्या," इस्त्रीवाली म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण मावशी, याच्या नव्हत्या घालायच्या. मी आले ना परत. बोटावर मोजत आले."

आतून बाळाचा आवाज आला. इस्त्रीवाली हलली नाही, मावशीही हलल्या नाहीत.

"याला काही झालं तर?"

"त्यासाठीच विचारायला आले. साठ दिवस मी रोज येईन. दुसरी बाई तिचं बघेल, मी माझं बघीन. पाय बघीन, पितो का बघीन. काही वाटलं तर मीच उचलून दवाखान्यात नेईन. तू येऊ दिलंस तर."

इस्त्रीवालीने जळलेली चादर घडी करून बाजूला ठेवली. नवी पसरली. पाणी शिंपडलं.

"सकाळी लवकर या," ती म्हणाली. "नऊनंतर गिऱ्हाइकं असतात."

पहिले काही दिवस ती मावशींशी बोलली नाही. बाळ दुपट्यासकट पुढे करायची आणि पाठ फिरवून कामाला लागायची. मावशी पाय चाचपायच्या, श्वास मोजायच्या, तिने बाळाला अंगावर घेतलं की त्याच्या गालाकडे बघायच्या, आणि निघायच्या. सुनेच्या जुन्या वहीतून त्यांनी दोन पानं काढली होती, पट्टीने साठ रकाने आखले होते. रोज घरी येऊन एका रकान्यात लिहायच्या, 'पाय गरम'. पंधराव्या दिवशी इस्त्रीवाली म्हणाली, "चहा ठेवलाय, पिऊन जा." तिसाव्या दिवशी म्हणाली, "आज रात्रभर रडला, तुम्ही काय पढवून जाता याला?" पन्नासाव्या दिवशी बाळ मावशींना बघून हसलं आणि इस्त्रीवाली म्हणाली, "घ्या. मी नऊ महिने वागवला आणि हसतोय कोणाकडे बघून."

साठाव्या दिवशी मावशी दारात आल्या तेव्हा ती बाळ घेऊन उंबऱ्यातच उभी होती. मावशींनी हात पुढे करायच्या आधी तिने दुपट्यातून बाळाचं पाऊल बाहेर काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्याच दुपारी मावशी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या खोलीतले गठ्ठे आता खिडकीच्या वर गेले होते. मावशींनी घडी केलेली दोन पानं टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उलगडली, बोट फिरवत खालपर्यंत गेल्या. "मावशी, हे मोजणीत घेता येणार नाही."

"माहिती आहे. पण लिहिलेलं घरी ठेवून काय करू?"

बाई पुन्हा वरून वाचू लागल्या. एका ठिकाणी बोट थांबलं. "हे काय? तेविसाव्या दिवसाचा रकाना कोरा आहे."

"त्या दिवशी मला ताप होता. तापात बाळाजवळ जायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

"मग आदल्या दिवशी गरम, दुसऱ्या दिवशी गरम. म्हणजे त्या दिवशीही पाय गरमच असणार."

"असतील," मावशी म्हणाल्या. "पण मी बघितले नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. पानं होती त्याच घडीवर दुमडली आणि टेबलाच्या खणात, स्वतःच्या चष्म्याच्या घरापाशी ठेवली.